शोथ आणि शोष

खांद्यातून काय काय जातं, त्याची ही यादी.

दुखऱ्या कुशीवरची झोप. बहुतेकदा आधी हीच जाते. दिवसा कामाच्या नादात कळत नाही, रात्री दोनला ठणका उठवतो.

वेणी. हात मागे पोचेना, तशी आईची वेणी पाठीवरून खांद्यावर पुढे आली. मग एक दिवस तिनं केसच कापून घेतले. म्हणाली, "उकडतं फार."

वरच्या फळीवरचे डबे. आधी पापडांचा खाली आला, मग साबुदाण्याचा, शेवटी चहा-साखरेचे. आता फळीवर रद्दी असते.

शेकाची पुरचुंडी. तव्यावर तापवलेली वाळू, जुन्या धोतराचं फडकं. सोबतीला निर्गुडीचा पाला. तिची जागा रबरी पिशवीनं घेतली, पिशवीची मलमाच्या नळीनं. तिघींनीही बरं वाटतं. तुटलेला धागा तिघींनीही जुळत नाही.

कंडरेचा पीळ. दंडाच्या हाडाचा गोळा उथळ वाटीत धरून ठेवायला चार स्नायू असतात. हाडाशी त्यांना बांधणाऱ्या कंडरांपैकी सगळ्यात जास्त फाटते ती वरची, सुप्रास्पायनेटसची. धड कंडरेत कोलॅजेनचे धागे दोरखंडासारखे एका दिशेनं बसलेले असतात. इजा झाली की शोथ येतो. तो शत्रू म्हणून येत नाही, झाडलोट आणि डागडुजी करायला येतो. पण तो मुक्कामाला राहिला, की डागडुजीही बिघडते. नवे धागे बारीक आणि अस्ताव्यस्त पडतात. मूळचा पीळ परत येत नाही.

'टेन्डिनायटिस' हा शब्द. यातल्या 'आयटिस'चा अर्थ शोथ. जुन्या दुखण्यातल्या कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर दाहपेशी फारशा सापडेनात. 2002 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या एका लेखानं हा शब्द सोडा, असं स्पष्टच सांगितलं. आता 'टेन्डिनोपॅथी' म्हणतात.

शोथ. हो, तोही जातो. 2010 च्या एका अभ्यासात फाटलेली कंडरा आणि तिच्या शेजारची, दिसायला धड असलेली कंडरा, अशा दोन्ही तपासल्या. दाहपेशी जास्त सापडल्या त्या धड दिसणाऱ्या कंडरेत. फाट जितकी मोठी, तितक्या त्या कमी. म्हणजे शोथ नव्हता असं नाही; आपण पाहायला गेलो तोवर तो बराचसा ओसरला होता.

इंजेक्शनवरचा भरवसा. कॉर्टिसोन माणसाला पहिल्यांदा टोचलं 1948 मध्ये. 1950 मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. त्याच कुळातली औषधं आज खांद्यात देतात. काही आठवडे हात हलका होतो. पुन्हा पुन्हा घेतलं, तर कंडरा कमकुवत होऊ शकते.

फट. गोळा आणि वरचं हाड यांच्यात साधारण 7 ते 14 मिलिमीटर जागा असते. कंडरा मोठी फाटली, की गोळा वर सरकतो आणि ही जागा बुजत जाते.

कूर्चा. सांध्याचं अस्तर सुजलं, की त्यातून कूर्चा कुरतडणारी विकरं सुटतात. कूर्चेत ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. ती झिजताना स्वतः दुखत नाही. कंडरा गेल्यावर सांधाही जातो, त्या अवस्थेला अमेरिकी शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी वेगळं नाव दिलं.

एक जुना शब्द. आयुर्वेदात खांद्याच्या एका विकाराला 'अंसशोष' म्हटलं आहे. शोथ म्हणजे सूज, शोष म्हणजे सुकणं. एका अक्षराचा फरक. आई पाठमोरी बसली, की उजव्या पाखोट्याच्या हाडावर खळगा दिसतो. तिथे स्नायू होता.

"आता दुखत नाही रे," ती म्हणते. ते खरं आहे. डबे मात्र अजून ओट्यावरच आहेत.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दुखतं का, एवढंच विचारू नका. हात वर जातो का, तेही विचारा.