रंगाचा तिसरा हात

राखाडी प्रायमरचा पहिला हात वाळला आणि दादाचा अंगठा दिसला.

तीन दिवस ती पांढरी बॉडी माझ्या हातात होती. साबणाच्या कोमट पाण्यात धुतली होती, सगळीकडून बोट फिरवलं होतं, आणि तरी काही कळलं नव्हतं. पांढरं प्लास्टिक सगळं पोटात ठेवतं. प्रायमर मारायचा तो त्यासाठीच. ओरखडे, खड्डे, सांध्यातल्या फटी राखाडी रंगात उघड्या पडतात. चालकाच्या जागेच्या डाव्या अंगाला, सांध्याच्या रेघेलगत, तो ठसा होता. एका बाजूने जरा फरफटलेला, पण मधलं चक्र स्वच्छ. भिंगाखाली रेषा मोजता आल्या असत्या.

गाडी होंडाची. आरए २७३, फॉर्म्युला वनची. तामिया कंपनीने १९६७ साली काढलेलं, खऱ्या गाडीच्या एक द्वादशांश मापाचं मॉडेल. या मापातली त्यांची ही पहिलीच गाडी. शिझुओका शहरात १९४६ साली लाकडाच्या वखारीपासून सुरू झालेली ही कंपनी आधी लाकडी मॉडेलं करायची, १९६०मध्ये प्लास्टिककडे वळली. एक लाल आणि एक निळा, असे दोन तारे त्यांच्या खोक्यावर असतात. आमच्या गिरगावातल्या बिऱ्हाडात ते तारे आले १९६९ साली. मामा मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये ऑइलमन होता. जपानला गेलेले खलाशी ट्रान्झिस्टर आणत, नायलॉनच्या साड्या आणत. मामाने कोबे बंदरातून भाच्यासाठी हा खोका आणला, आणि आई पहिल्यांदा म्हणाली ती हेच, “अरे, पण हे सगळं सुटंच आहे की!”

दादा इंटर सायन्सला होता, मी आठ वर्षांचा. रात्री जेवणं झाली, भांडी वाजायची थांबली, की तो पाटावर वर्तमानपत्र पसरायचा. भाग चौकटीला चिकटलेले असत. ओढून तोडायचे नाहीत, दाढीच्या पात्याने कापायचे, मग कानसून साफ करायचे. सूचनांचा कागद जपानी. दादा चित्रांवरून वाट काढायचा आणि समास सोडलेल्या जागेत पेन्सिलने मराठीत लिहायचा: ‘आधी रंग, मग जोड.’ ‘हा भाग उलटा वाटतो, तसाच आहे.’ एका ठिकाणी नुसतंच, ‘घाई नको.’ इंजिनाच्या बारा सिलिंडरांच्या एक्झॉस्ट-नळ्या मधोमध एकमेकींत गुंतलेल्या असतात. तो गुंता पुरा करायला त्याला आठवडा लागला. मला काम एकच, गोंदाच्या ट्यूबचं झाकण लावायचं. त्या गोंदाचा गोडसर, डोक्यात जाणारा वास अख्ख्या खोलीत भरायचा.

हा गोंद खळीसारखा किंवा डिंकासारखा नसतो. तो प्लास्टिक विरघळवतो. दोन्ही कडा क्षणभर मऊ होतात, एकमेकींत मिसळतात आणि घट्ट होतात. मग तिथे जोड असा उरत नाही, एकच तुकडा होतो. त्या मऊ क्षणात बोट टेकलं तर बोटाची रेघन् रेघ उमटते आणि तशीच थिजते. मॉडेल करणारे याला चूक म्हणतात आणि बारीक पॉलिश पेपरने पाण्यातून घासून काढतात. दादाच्या हातून ही चूक झाली तेव्हा मी बहुधा शेजारीच बसलो होतो. आठवत नाही. ते आठवायला हवं होतं.

पुढच्या वर्षी श्रावणात त्याला कावीळ झाली. भाद्रपद त्याने पाहिला नाही.

खोका मग कुणी उघडला नाही. माळ्यावर असेल असं मला वाटत राहिलं. आई गेल्यावर तिची पेटी उघडली, तेव्हा तळाशी, जुन्या पांढऱ्या साडीत गुंडाळलेला तो निघाला. खोक्याच्या कडा खचल्या होत्या. एक टायर सुटून पुढच्या काचेला टेकून पडलेला. जुन्या टायरांतलं मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर पडतं आणि टेकलेलं प्लास्टिक खातं. काचेवर नखाएवढी चंद्रकोर पडली होती. डिकलचा, म्हणजे गाडीवर उतरवायच्या चिन्हांचा कागद पिवळा झाला होता. तो मी खिडकीच्या काचेला चिकटवून पंधरा दिवस उन्हं दिली, तेव्हा पिवळेपणा बराच उतरला. कंपनीने पुढे हे मॉडेल पुन्हा काढलं. नवे भाग मिळवता आले असते. ते मला नकोच होते.

काम करता करता त्या खऱ्या गाडीबद्दल वाचत गेलो. तेव्हाच्या नियमाने किमान वजन ५०० किलो, ही ७०० किलोंच्या वर. पहिल्याच शर्यतीत, १९६६च्या सप्टेंबरात मोंझाला, टायर फुटून रिची गिंथरची गाडी झाडांत घुसली. तो वाचला. पुढच्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत जॉन सर्टीजने तिला तिसरं आणलं. ही गाडी एकही शर्यत जिंकली नाही. दादाला यातलं किती माहीत होतं कोण जाणे. मी त्याला वाचून दाखवलं असतं.

आता प्रश्न पॉलिश पेपरचा नव्हता. तो मी लावणारच नव्हतो. प्रश्न रंगाचा होता. शर्यतीतल्या जपानी गाड्यांचा रंग तेव्हा पांढरा, नाकावर लाल सूर्य. पांढरा रंग एका हातात कधीच बसत नाही. जाड मारला तर ओघळतो, म्हणून पातळ पातळ हात द्यायचे, आणि प्रत्येक हात बारीक खाचा भरत जातो. बॉडी राखाडीच ठेवावी असं दोन दिवस मनात होतं. पण सूचनांच्या कागदावर दादाने स्वतः लिहिलं होतं, ‘पांढरा. तीन हात.’ खाली रेघ मारलेली.

पहिल्या हातानंतर चक्र दिसत होतं. दुसऱ्या हातानंतर टेबलावरचा दिवा अगदी आडवा धरला तर दिसायचं, नाहीतर नाही. रात्रभर वाळू दिलं. सकाळी आंघोळ करून बसलो आणि त्या जागेवर माझा अंगठा ठेवून पाहिला. माझा मोठा आहे. तो अठराचा होता.

मग डबा हलवला आणि तिसरा हात दिला.