बाजारातलं इटालियन हॉटेल आणि गाळ्यांचा फेरलिलाव

मंडळी, गेले चार दिवस इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय. "शॉपिंग सेंटरच्या मागच्या बाजूचं ते इटालियन हॉटेल बंद होणार, हे खरं काय?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो. पोस्ट लांब आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी शेवटचे दोन-तीन परिच्छेद वाचावेत, बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं.

आधी ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी. झेरॉक्सवाला आणि मोबाईल दुरुस्तीवाला यांच्या मधला गाळा. सहा टेबलं, दोन पंखे, भिंतीवर बोटीचा एक फोटो. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर "पत्रकाराने जाहिरात केली" म्हणायला काही जण टपलेलेच आहेत. आणि हो, तिथलं बिल मी देतो. कायम.

चालवणारे भाई चौदा वर्षं एका इटालियन कंपनीच्या क्रूझवर होते. आपल्याकडून आणि गोव्यातून बोटीवर जाणारे शेकड्याने आहेत, त्यात नवल नाही. पहिली दोन वर्षं फक्त भांडी, मग भाजी चिरणं, मग पास्त्याचा विभाग. आपल्याला ही नोकरी म्हटली की बांधलेला बंगला आणि दारातली गाडी दिसते. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री कोस्टा कॉन्कॉर्डिया जिल्यो बेटापाशी खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्यात वसईजवळच्या नायगावचा रसेल रिबेलो हा वेटर होता. त्याचे अवशेष सापडायला नोव्हेंबर २०१४ उजाडला, सगळ्यांत शेवटचा तोच. भाई तेव्हा दुसऱ्या बोटीवर होते. त्या बातमीनंतर आईने पुढच्या कॉन्ट्रॅक्टला जाताना पंधरा दिवस अबोला धरला होता, असं वहिनी सांगतात. पुढे २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाने जगभरच्या क्रूझ थांबवल्या, कितीतरी खलाशी आठवडेच्या आठवडे बोटीवरच अडकून पडले. भाई घरी आले ते परत गेलेच नाहीत. २०२१ च्या दिवाळीनंतर हे हॉटेल सुरू झालं.

गावाने सुरुवातीला चेष्टा केली. इथे माशाचं ताट सोडून पैसे देऊन मैद्याचं कोण खाणार? पहिल्या महिन्यात भाईंनी फरिनाता केला होता. इटलीच्या जेनोवा-सवोना भागातला हा गरिबांचा पदार्थ. चण्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ. पीठ काही तास भिजवायचं आणि मोठ्या थाळ्यात ओतून भट्टीत भाजायचं, वरून मिरपूड. आमच्या आळीतले एक निवृत्त गुरुजी पहिला घास खाऊन म्हणाले, "ह्यो तर बेसनाचो पोळो! ह्येचे साठ रुपये?" भाईंनी पैसे घेतले नाहीत. गुरुजी पुढच्या आठवड्यात नातवाला घेऊन हजर, आणि आता दर शनिवारी तोच बेसनाचो पोळो मागवतात.

मला त्या हॉटेलात जी गोष्ट आवडते ती हीच. इटालियन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मॉलमधली मंद दिव्यांची जागा येते आणि मेन्यूत उजवीकडे आधी बघावं लागतं. प्रत्यक्षात तिथला निम्मा स्वयंपाक शेतमजुराचा आणि बंदरावरच्या हमालाचा. लसूण, तेल, सुकी मिरची आणि उकडलेली स्पगेटी, झाला 'आल्यो ए ओल्यो'. भाई तो १२० रुपयांना देतात. राजमा आणि पास्ता एकत्र शिजवलेली घट्ट आमटी ११० ला. पावसात घाटावरून भाजी उशिरा येते तेव्हा टोमॅटोची डिश फळ्यावरून पुसलेली असते, आणि ही आमटी मोठ्या अक्षरात लिहिलेली. टोमॅटो २०२३ च्या जुलैत किलोला दीडशेच्या वर गेला होता, आठवतंय ना? तेव्हा त्यांनी दर वाढवला नाही, पदार्थच बंद ठेवला. सप्टेंबरात टोमॅटो मातीमोल झाला, शेतकरी रस्त्यावर ओतायला लागले, तेव्हा वहिनींनी दोन क्रेट आणून सॉस शिजवून बरण्या भरल्या.

पेस्तोला जेनोवात चिलगोज्यासारखा पाईनचा दाणा लागतो. तो इथे परवडत नाही म्हणून भाई आपला काजू वापरतात, कणी. मी टोमणा मारला की ही फसवणूक झाली. ते म्हणाले, इटलीतल्या दुकानातल्या स्वस्त बरण्यांवरचं लेबल वाचा, तिथेही काजूच असतो. बेसिल वहिनींच्या परसातलं. फालुद्यातला आपला सब्जा म्हणजे त्याच झाडाच्या कुळातलं बी. बेळगावहून येणारा बन्सी रवा हा ड्युरम गव्हाचा, म्हणजे पास्ता ज्याचा करतात त्याच जातीचा. आपला खपली गहू तर तिकडे फार्रो म्हणून मिरवतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ड्युरमचे आणि खपलीचेही वाण काढलेत. हे सगळं आपल्याच आजूबाजूला पिकतं आणि आपण पाकिटावरचा परदेशी झेंडा बघून पैसे मोजतो. असो, तो वेगळा विषय.

रिसोटो मात्र मागू नका. उकड्या तांदळाचा होत नाही, तो सुटा राहतो, आणि बाहेरचा तांदूळ आणला तर प्लेट तीनशेच्या पुढे जाते. भाई सरळ नाही म्हणतात. पिझ्झा १८० ला आहे, बरा आहे, पण ग्रेट नाही हेही सांगून टाकतो. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत तो दीड मिनिटात होतो. यांच्या गॅसच्या ओव्हनला सहा-सात मिनिटं लागतात आणि तेवढ्यात कडा थोड्या बिस्किटासारख्या होतात. गर्दी असली की थांबावं लागतं, पाणी स्वतः घ्यावं लागतं, आणि मेनूवर नसलेलं मागितलं तर भाईंचा आवाज चढतो.

चीजबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात. २०२५ च्या मार्चमध्ये एका आमदाराने विधानसभेत कृत्रिम पनीर आणून दाखवलं होतं. तेव्हापासून पनीरची चर्चा भरपूर झाली, चीजची कमी. दुधाच्या फॅटऐवजी पामतेल घालून केलेला पर्यायी माल बाजारात मिळतो, खऱ्या मोझरेलापेक्षा खूपच स्वस्त. तो विकणं गुन्हा नाही, पण तो चीज म्हणून विकता येत नाही. नव्वद रुपयांत 'डबल चीज' कसं परवडतं, याचं उत्तर बऱ्याचदा तिथे असतं. भाईंच्या काउंटरवर चीजचं रिकामं पाकीट पिन लावून टांगलेलं असतं, ज्याला वाचायचं त्याने वाचावं. बिलावर जीएसटी वेगळा लागत नाही कारण ते कंपोझिशन योजनेत आहेत. उलाढालीवरचा ५ टक्के कर त्यांनी स्वतः भरायचा, गिऱ्हाइकाकडून तो वसूल करायला कायद्याने बंदी. हे मुद्दाम सांगतोय, कारण दारावर 'कंपोझिशन' लिहिलेलं असताना बिलात जीएसटी लावणारेही महाभाग असतात. तसं दिसलं तर विचारा.

आता मुद्द्याकडे. पण त्याआधी अजून एक गोष्ट, माझ्या दृष्टीने जेवणापेक्षा मोठी.

आपल्या गावात संध्याकाळी सातनंतर बसायला जागा कुठल्या, मोजा. चहाच्या टपऱ्या, तिथे पुरुष. बिअर बार, त्याला लागून 'फॅमिली रूम', म्हणजे काय तर तोच बार, मध्ये पडदा. हायवेवरची हॉटेलं, ती पर्यटकांच्या दरात, आणि तिथे जायला गाडी हवी. एकट्या बाईने, किंवा तीन मुलींनी मिळून, शंभर-दीडशे रुपयांत तासभर बसावं आणि कुणी वळून बघू नये, अशी जागा होती काय? मागच्या वर्षी एका संध्याकाळी मी तिथे होतो. एका टेबलावर आशाताई दोघी, गणवेशातच, सर्व्हेचे कागद पसरून. दुसरीकडे कॉलेजच्या पोरी, एक पास्ता तिघींत. कोपऱ्यात पोस्टातल्या एक बाई एकट्या पुस्तक वाचत बसलेल्या. या बाईंना मी वीस वर्षं ओळखतो, बाहेर एकट्या बसलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या. काउंटरवर वहिनी असतात, दारू नाही, दार काचेचं, रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं. एवढंच त्याचं गुपित आहे. नगरविकासाच्या आराखड्यात याला खाना नाही, म्हणून त्याची नोंद कुठे होत नाही.

१० डिसेंबर २०२५ ला युनेस्कोने इटालियन स्वयंपाकाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. बैठक दिल्लीत, लाल किल्ल्यावर होती आणि तिथेच आपल्या दिवाळीचाही समावेश झाला. आपल्याकडे दिवाळीची बातमी झाली, ते बरोबरच. इटलीवाल्यांनी मात्र अमुक एक पदार्थ म्हणून अर्ज केलाच नव्हता. एकत्र बसून रांधणं आणि खाणं, या सवयीसाठी तो होता. मला ती बातमी वाचताना आशाताईंचं टेबल आठवलं.

तर नोटीस. शॉपिंग सेंटरच्या गाळ्यांची मुदत संपलीय, फेरलिलाव होणार, अनामत आणि किमान भाडं रेडीरेकनरच्या आधारे ठरणार. याला माझा विरोध नाही, हे स्पष्ट करतो. याच पेजवर मी तीन वेळा लिहिलंय की कित्येक गाळे महिना काहीशे रुपयांत घेतलेत आणि दहा-पंधरा पट भाड्याने दुसऱ्यांना दिलेत. सार्वजनिक मालमत्तेचं योग्य भाडं यायलाच हवं. त्यातून पथदिवे लागतात, गटारं साफ होतात. निदान व्हावीत.

पण भाईंची अडचण नेमकी इथेच आहे. ते पोटभाडेकरू आहेत. मूळ गाळेधारक मुंबईत असतो, भाडं दर महिन्याला घेतो, पावती देत नाही. नोटीस आली त्याच्या नावाने, म्हणणं मांडायची संधी त्याला, आणि त्याला या गाळ्यात काय शिजतं याच्याशी देणंघेणं नाही. मी विचारलं तर भाई म्हणाले, "पत्रकारानू, माझां नाव खंयच्याच कागदावर नाय. लिलावात उतरतलंय, पण अनामत खंयसून आणू?" ओव्हन आणि फर्निचरसाठी काढलेलं कर्ज अजून फिटायचंय. दीडशेच्या प्लेटवर चालणारा धंदा लाखांची अनामत एकरकमी टाकू शकत नाही. जो टाकू शकतो त्याने तिथे काय उघडावं यावर अट नाही. बोली लावायला दोन पार्ट्या तयार आहेत असं ऐकतोय. त्यातल्या एकीचे आधीच चार गाळे आहेत.

आणि हा एकट्या इटालियन हॉटेलचा प्रश्न नाही. त्या रांगेत किमान सात जण पोटभाडेकरू आहेत: झेरॉक्सवाला, शिलाईवाली काकी, सायकल दुरुस्तीवाले. त्यांची बातमी होत नाही कारण ते पास्ता विकत नाहीत. मूळ गाळेधारकांपैकी काही जण पोटभाडेकरूंना सांगतायत की गप्प बसा, नाव पुढे आलं तर आधी तुम्हीच बाहेर. ही भीती खोटी नाही. पोटभाडं हा नियमभंगच आहे आणि त्याची शिक्षा वापरणाऱ्याला आधी मिळते, पैसे खाणाऱ्याला नंतर, मिळाली तर.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि मी त्या लेखी दिल्यात. लिलावाच्या अटींत प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्यालाच गाळा आणि एका कुटुंबाला एकच, हे घाला. अनामत हप्त्यांत घ्या. आज गाळ्यात जो बसलाय त्याची जागेवर जाऊन नोंद करा आणि सर्वोच्च बोलीच्या रकमेला गाळा घेण्याची पहिली संधी त्याला द्या. यात तिजोरीचा एक रुपया बुडत नाही. कायद्यात बसत नसेल तर कुठल्या नियमात बसत नाही ते लेखी सांगा, मी ते उत्तर इथे जसंच्या तसं टाकीन. संबंधित अधिकाऱ्यांना दोनदा भेटलो. "बघू" म्हणाले.

हरकती शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत आवक-जावक टेबलावर स्वीकारतात. साध्या कागदावर चालतं: नाव, पत्ता, सही, आणि दोन ओळीत म्हणणं. पोच घ्यायला विसरू नका, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. मसुदा हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये 'मसुदा' लिहा, पाठवतो. ज्या पोटभाडेकरूंना स्वतःच्या नावाने द्यायची भीती वाटते त्यांच्या वतीने गिऱ्हाइकंही हरकत देऊ शकतात, काल एका वकील मित्राकडून खात्री करून घेतलीय. आशाताई, पोस्टातल्या बाई, कॉलेजच्या पोरी, तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर तुमच्या दोन ओळींना माझ्या दोन पानांपेक्षा जास्त वजन आहे.

हॉटेल बुधवारी बंद असतं. बाकी दिवशी अकरा ते तीन आणि सहा ते साडेनऊ. उद्या गुरुवार, राजम्याची आमटी आहे.