ऑक्सफर्डचे दिंडी दरवाजे

ऑक्सफर्डची कॉलेजं रस्त्याकडे पाठ करून बसलेली आहेत. हाय स्ट्रीटवरून चालताना बाजूला उंच दगडी भिंती, मधेच एखादा प्रचंड दरवाजा आणि त्याच्या पोटात आपल्या जुन्या वाड्यांना असायचा तसा दिंडी दरवाजा. कुणी आत शिरलं की तेवढ्या क्षणात आतली हिरवळ दिसते, इतकी हिरवी की विश्वास बसू नये. लगेच दार मिटतं. महिनाभर इथे राहून इथलंच साहित्य वाचायचं, अभिजात, अद्भुतरम्य, विज्ञानकथा, सगळं, असा माझा बेत होता. पण जे पुस्तक उघडावं त्यात कुणीतरी दारापाशी अडलेलं! मी चकित होत गेलो.

पहिलं घेतलं थॉमस हार्डीचं ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ (१८९५). हार्डीने गावाला क्राइस्टमिन्स्टर म्हटलंय, पण गाव हेच. ज्यूड पाथरवट आहे. ग्रीक आणि लॅटिन आपलं आपण शिकलेला. दिवसा तो कॉलेजांचेच झिजलेले दगड दुरुस्त करतो आणि प्रवेशासाठी कॉलेजप्रमुखांना पत्रं लिहितो. उत्तर एकच येतं: आपल्या धंद्यातच राहा. त्या रात्री तो कॉलेजच्या भिंतीवर खडूने बायबलमधलं वचन लिहून ठेवतो. ते प्रकरण संपवून मी बाहेर पडलो आणि एका भिंतीला हात लावला. पिवळसर चुनखडीचा खरबरीत दगड. तो घडवणाऱ्याला आत जागा नव्हती, हे मला अजून सहन होत नाही. पुस्तकानंतर अवघ्या ४ वर्षांनी, १८९९ साली, कामगारांना शिकता यावं म्हणून रस्किन कॉलेज निघालं ते याच गावात.

‘ॲलिस इन वंडरलँड’मधल्या ॲलिसचं दुःख निराळं. क्राइस्ट चर्चचे गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन, म्हणजेच लुईस कॅरल, ४ जुलै १८६२ रोजी डीनच्या तीन मुलींना होडीतून गॉडस्टोला घेऊन गेले, तेव्हा ही गोष्ट जन्मली. खरी ॲलिस त्यांच्यातलीच एक, म्हणजे भिंतीच्या आतच राहणारी. तरी गोष्टीतल्या ॲलिसला इवल्याशा दारातून बाग दिसते, आणि दारातून डोकंसुद्धा जात नाही! क्राइस्ट चर्चची टॉम घंटा रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी १०१ टोले देते. एके काळी त्या टोल्यांवर कॉलेजांची दारं बंद होत. खिडकीत बसून ते टोले ऐकताना पुस्तकातली बाग मला फार जवळची वाटली.

टॉल्किन आणि सी. एस. लुईस, दोघेही इथलेच अध्यापक. एकाने कालप्रवास लिहायचा, दुसऱ्याने अवकाशप्रवास, असं त्यांनी आपसात ठरवलं. टॉल्किनची कथा अपुरीच राहिली. लुईसची ‘आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट’ १९३८ साली आली. तिचा नायक रॅन्सम पायी भटकताना एका कुलूपबंद फाटकापाशी येतो, पाठपिशवी पलीकडे टाकतो, कुंपणातून घुसतो, आणि त्याची वाट थेट मंगळावर जाते.

शेवटी फिलिप पुलमनचं ‘द सटल नाइफ’ (१९९७). ते वाचून मी गावाच्या उत्तर टोकाला संडरलँड अव्हेन्यूवर गेलो. तिथे ना कॉलेज, ना दगडी भिंत. मोटारींचा रस्ता आणि ओळीने लावलेली हॉर्नबीमची झाडं. पुलमनचा विल बारा वर्षांचा, आई आजारी, मागे पोलिसांची भीती. या झाडांपाशी एक मांजर हवेत नाहीसं होतं, आणि त्याच्यामागून विल दुसऱ्या जगात शिरतो. त्याला कुणी अडवत नाही, कुणाकडे अर्ज करावा लागत नाही.