माँटगोमेरीची पायपीट

अमेरिकेतील अलाबामा राज्यात माँटगोमेरी शहर आहे. तेथील एका बसथांब्यावर आम्ही मुद्दाम गेलो. 1 डिसेंबर 1955 रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईंना येथे अटक झाली. गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही, एवढाच गुन्हा! आज तेथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे.

तेथून डेक्स्टर अव्हेन्यूचा चढ चढलो. समोर राज्याचे विधानभवन. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या राज्यांच्या अध्यक्षाने 1861 साली येथेच शपथ घेतली. अन् हाकेच्या अंतरावर मार्टिन ल्यूथर किंग यांचे विटांचे चर्च!

पण हा लढा उभा केला तो स्त्रियांनी. रोझाबाईंच्या नऊ महिने आधी 15 वर्षांची क्लॉडेट कोल्विन जागेवरून हलली नव्हती. रोझाबाईंच्या अटकेनंतर रातोरात प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी हजारो पत्रके सायक्लोस्टाईल केली. मग गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायासुद्धा 381 दिवस बसमध्ये चढल्या नाहीत. कोणी पायी गेले, कोणी एकमेकांच्या मोटारींतून. क्लॉडेटसह चौघी कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. 21 डिसेंबर 1956 पासून बसमधला भेद संपला.

ही पायपीट चालू असतानाच, 14 ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. समतेची ती वाट आणि ही वाट वेगळी नाही. रोझाबाईंचे नाव जगाला ठाऊक आहे. आपल्या लेकींना क्लॉडेटचेही सांगू या.