जुनी मोटार आणि नवे उपाय

जुनी मोटार हा श्रीमंतांचा शौक. आपल्यासारख्या घरांना तिच्याशीं काय कर्तव्य, असें पुष्कळांचें मत असतें. आमच्या जळगांवच्या वाड्यांत १९३८ सालची ब्युइक आहे, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्ही आपल्याकडे घेत आहों. आठ सिलिंडर एका ओळींत, आणि मागल्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा, ज्या ब्युइकनें त्याच वर्षीं प्रथम बसविल्या.

आजची खरी पंचाईत पेट्रोलाची आहे. २०२५ सालापासून पंपावरील पेट्रोलांत शेंकडा २० इथेनॉल असतें. उंसाला व मक्याला गिऱ्हाईक मिळावें, परदेशी तेलाचा खर्च वांचावा, हा हेतु उत्तमच. परंतु इथेनॉल हवेंतील पाणी शोषून घेतें, जुन्या रबराला व बुचाच्या वॉशरांना खराब करतें, आणि टांकीच्या तळाशीं वर्षानुवर्षें बसलेला गाळ सोडवून कार्ब्युरेटरांत आणतें. त्यांत खानदेशचा वैशाख! पारा ४४ अंशांवर असतां लळिंगचा घाट चढूं लागलें कीं नळींतल्या पेट्रोलाची वाफ होते, एंजिन गप्प होतें, आणि पंपावर ओलें फडकें घालून कडुनिंबाखालीं बसण्यावांचून गत्यंतर नसतें. नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराचे करावे, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टांकी रिकामी ठेवावी, हें आमचें मत आहे. झिजलेला भाग संगणकानें मोजून तसाच नवा छापून काढण्याची युक्ति निघाली आहे, तिचेंहि आम्ही स्वागत करतों.

आमच्या पुतण्याची धांव मात्र पुढें आहे. "काका, एंजिनच काढूं आणि विजेची मोटर बसवूं. विलायतेंत जुन्या रोल्स-रॉइसचेंहि असें करतात," तो म्हणतो. तें खरें आहे. पण १९०८ सालीं मुंबई-कोल्हापूर अशा सुमारें ६२० मैलांच्या कसोटींत सहा घाट ओलांडून रोल्स-रॉइसनें हिंदुस्थानांत नांव मिळविलें तें त्या एंजिनाच्याच बळावर. तेंच काढल्यावर उरलेल्या पत्र्याला काय म्हणावें?

शिवाय कायदा आडवा येतो. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनीं पन्नास वर्षांवरील गाड्यांस 'व्हीए' अक्षरांची निराळी नोंदणी दिली. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें. अट अशी कीं गाडी मूळ स्वरूपांत असावी, सांगाडा, बॉडी वा एंजिन बदललेलें नसावें. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला व पेट्रोल भरायला नेतां येते. रोजच्या वापरास वा भाड्यानें नाहीं. वरातीचा उल्लेख त्या यादींत नाहीं, हें आमच्या वहिनींना फार लागलें.

"एंजिन तेल लावून पेटींत ठेवूं, हवें तेव्हां परत बसवूं," हा पुतण्याचा शेवटचा मुद्दा. पेटींतलें एंजिन टिकेल; पण केवळ आवाज ऐकून ठिणगीची वेळ जुळविणारे आमचे मिस्त्री आतां पंचाहत्तरीला आले आहेत. त्यांची विद्या कोणत्या पेटींत ठेवावयाची?

तूर्त एंजिन जागच्या जागीं आहे. पुतण्या दर रविवारीं मिस्त्रींजवळ बसून कार्ब्युरेटर उघडतो. बॅटरीसाठीं सांठविलेले पैसे त्यानें अजून मोडलेले नाहींत, हेंहि आम्हांस ठाऊक आहे.