शटल, बॉबिन, बीम

मालेगावच्या एका उर्दू शाळेत मी इंग्रजी शिकवतो. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, तरी आठवीत प्रश्न विचारला की सगळ्यांच्या माना खाली जातात. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला मी मुद्दाम उभं केलं. तो अडखळला, वर्ग हसला. खरं सांगतो, मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून त्याचं शाळेत येणं बंद झालं.

चौथ्या दिवशी घरी गेलो. तो वडिलांसोबत यंत्रमागावर उभा होता. खडखडाटात मी विचारलं, "इन चीज़ों को क्या कहते हो?"

"शटल, बॉबिन, बीम, मोटर."

"बेटा, ये सब अंग्रेज़ी है."

तो थबकला. मग वडिलांसमोरच मी त्याची माफी मागितली.

आता वर्गात मुलं आधी शेजारच्याशी बोलतात, मग सगळ्यांसमोर. शब्द अडला तर उर्दू चालते. आणि हसायचं नाही, हा नियम पहिल्यांदा सरांना लागू.

परवा त्याने स्वतः हात वर केला. "सर, माय फादर लूम रन." व्याकरण चुकलं होतं. मी म्हणालो, "व्हेरी गुड. अँड यू?" तो पुढे बोलू लागला.