तीन तासांचा शिळा बर्फ

व्हँकुव्हर आमच्या घरापासून गाडीने अडीच तासांवर. सिॲटलच्या पूर्वेला, रेडमंडमध्ये आम्ही राहायचो. दोन्हीकडचं घड्याळ एक, फेब्रुवारीतला तो न थांबणारा बारीक पाऊसही एकच. तिथे २०१० साली हिवाळी ऑलिंपिक भरलं आणि ते आम्हाला न्यूयॉर्कच्या लोकांनंतर तीन तासांनी दिसलं. न्यूयॉर्क तिथून जवळजवळ चार हजार किलोमीटर लांब आहे!

त्याचं असं होतं. अमेरिकेत प्रसारणाचे हक्क घेतलेल्या वाहिनीचा मुख्य कार्यक्रम रात्री आठचा. पूर्व किनाऱ्यावर आठ वाजतात तेव्हा आमच्याकडे पाच. फिगर स्केटिंगची महत्त्वाची सत्रं व्हँकुव्हरमध्ये नेमकी पाचच्या आसपास सुरू व्हायची, म्हणजे न्यूयॉर्ककरांना जेवता जेवता थेट बघता यावीत. आम्हाला मात्र तीच टेप आमचे आठ वाजेपर्यंत राखून ठेवलेली. जे दिवसा उजेडी व्हायचं, म्हणजे स्कीइंगचं बहुतेक सगळं, ते तर दोन्ही किनाऱ्यांना रात्रीच. हक्कांसाठी त्या वाहिनीने ८२ कोटी डॉलर मोजले होते, ते जाहिरातींतून वसूल व्हायचे, आणि महागड्या जाहिराती रात्री आठला लागतात. हिशेब मला कळत होता. तो कळल्याने राग कमी झाला नाही.

त्यात मी तेव्हा एच-४ व्हिसावर. नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली आणि स्वतः नोकरी करायला कायद्याने बंदी असलेली बायको. मुलगी शाळेत गेली की दुपारपर्यंत घर आणि मी. सगळ्या अमेरिकेत ऑलिंपिक बघायला माझ्याइतकं रिकामं कुणी नसेल. शर्यती दिवसा, मी दिवसा मोकळी, टीव्ही समोर. आणि त्यावर दुपारी स्वयंपाकाचे कार्यक्रम आणि कोर्टातली भांडणं. रात्री आठला, मुलीला झोपवायच्या वेळी, ऑलिंपिक.

सोलापुरात वाढलेल्या बाईला बर्फावरच्या खेळांचं हे वेड लागलं शेजारच्या आजींमुळे. नॉर्वेहून आलेल्या कुटुंबातल्या, सत्तरी ओलांडलेल्या आणि ताठ. हिवाळ्यात त्या मला स्नोक्वॉल्मी खिंडीत घेऊन जायच्या आणि क्रॉस-कंट्री स्कीइंग शिकवायच्या. मी पडायचे, त्या थांबायच्या. येताना गाडीत शर्यतींच्या गोष्टी. आधीच्या ऑलिंपिकच्या वेळी आजींना आमच्या वाहिनीची गरजच पडली नव्हती, कारण सिॲटलच्या केबलवर कॅनडाची सीबीसी दिसते आणि तिच्यावर सगळं थेट असायचं. २०१०चे कॅनडातले हक्क मात्र सीटीव्हीच्या गटाकडे गेले आणि ती वाहिनी आमच्या केबलवर नव्हती. खेळ अंगणात आले आणि खिडकी बंद झाली, असं आजी म्हणायच्या.

क्रॉस-कंट्रीच्या काही शर्यतींत सगळे एकदम सुटत नाहीत. दर तीस सेकंदांनी एकेक जण निघतो. पहिला आलेला कोण हे डोळ्यांना दिसतच नाही. प्रत्येक जण एकटा जंगलात शिरतो आणि त्याची खरी झुंज घड्याळाशी असते. मधल्या टप्प्यावर वेळ पडद्यावर येते: चार सेकंद मागे, दोन सेकंद पुढे. बघणाऱ्याने हे मनात मांडत राहायचं. आजी तर कागद-पेन्सिल घेऊन बसायच्या. आता ही शर्यत रात्री आठला अकरा मिनिटांत दाखवायची म्हटल्यावर काय उरणार? सुरुवात, अमेरिकन खेळाडू, जिंकणारा, आणि मधे जाहिराती.

दोन-तीन रात्रींत मला या कापाकापीची खूण सापडली. उतारावरच्या स्कीइंगमध्ये अनोळखी नावाची कुणी ऑस्ट्रियन किंवा स्वीडिश मुलगी पडद्यावर आली, की समजायचं: एकतर ही पदक घेणार, नाहीतर ही पडणार. नुसतीच नीट खाली येऊन सतरावी येणारी बाई त्या कार्यक्रमात जन्मालाच येत नव्हती. आणि शर्यत म्हणजे बहुतांशी त्या सतराव्या, बाविसाव्या बायकाच असतात. त्या खाली येतात, त्यांच्या वेळा लागतात, तेव्हा कुठे पहिलीची वेळ किती अचाट आहे ते कळतं. त्यांना काढलं की उरतो तो नुसता निकाल, चित्रांसकट.

अमेरिकेच्या लिंडसी व्हॉनची डाउनहिल शर्यत १७ फेब्रुवारीला, सकाळची. तिच्या नडगीला सरावात मार बसला होता आणि त्यावर ती ऑस्ट्रियातलं टॉपफेन बांधत होती. टॉपफेन म्हणजे आपला चक्काच म्हणा ना. ही नडगी आणि हा चक्का आम्हाला आठवडाभर रोज दाखवत होते. माझ्या मुलीलाही तो पाठ झाला. शर्यत मात्र दुपारीच संपून गेली होती. त्याच वाहिनीच्या संध्याकाळच्या बातम्यांत निवेदिका म्हणायची, निकाल कळून घ्यायचा नसेल तर क्षणभर नजर वळवा. आणि तासा-दोन तासांनी तीच वाहिनी श्वास रोखून विचारणार: व्हॉनची नडगी साथ देईल का? साथ दिली होती. सुवर्णपदक घेऊन तिचं जेवणही झालं असेल.

त्या दिवशी ॲनिया पेर्सोन ही स्वीडनची खेळाडू शेवटच्या उडीवरून कितीतरी लांब फेकली गेली आणि आपटली. ते अर्थातच दाखवलं, पुन्हा पुन्हा. दुसऱ्याच दिवशी तिने सुपर कंबाइन्डमध्ये कांस्यपदक मिळवलं. माझ्या मते त्या आठवड्यातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट ती. तिला मिळालेला वेळ व्हॉनच्या चक्क्यापेक्षा कमी होता.

नवरा या सगळ्यात सुखी. तो साडेसातला यायचा, ताट घ्यायचा आणि म्हणायचा, "कोण जिंकलं ते सांगू नकोस हं." मी दिवसभर संगणकावर निकाल बघितलेले. चेहरा कोरा ठेवून पोळ्या वाढायच्या. पण २३ तारखेला ऑफिसच्या वेळातच त्याचा फोन आला. त्याच्या टीममधला डच मुलगा डोक्याला हात लावून बसला होता. दहा हजार मीटर स्पीड स्केटिंगमध्ये स्वेन क्रामर सर्वांत वेगवान आला आणि बाद झाला! या शर्यतीत प्रत्येक फेरीत आतली-बाहेरची मार्गिका बदलावी लागते. आठ फेऱ्या उरल्या असताना प्रशिक्षक खेरार्ड केमकर्स यांनी त्याला चुकीच्या मार्गिकेकडे हात केला आणि तो त्यांच्यावर विश्वास ठेवून तिकडे वळला. सुवर्ण कोरियाच्या ली सुंग-हूनला गेलं.

रात्री ती शर्यत आमच्यापर्यंत आली तेव्हा तिचे मोजके तुकडे उरले होते. चूक चार वेळा दिसली, संथ गतीतही दिसली. पण पंचवीस फेऱ्यांची ती शर्यत जवळजवळ तेरा मिनिटं चालते. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या सारख्या फेऱ्या बघून बघून आपलीही तंद्री लागते, तेव्हाच कळतं की जगातला सर्वोत्तम स्केटर आणि त्याचा प्रशिक्षक मिळून असं कसं चुकू शकतात. तो कंटाळाच कापून टाकल्यावर उरला नुसता मूर्खपणा. क्रामरवर तो अन्याय दुसऱ्यांदा झाला, असं मला वाटलं.

आमच्या शिव केशवनचं तर विचारूच नका. हिमाचलचा हा मुलगा डोंगरातल्या रस्त्यांवर चाकं लावलेली ल्यूज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, घेऊन सराव करायचा. १९९८ पासूनचं हे त्याचं चौथं ऑलिंपिक. व्हँकुव्हरला भारताचे तीनच खेळाडू होते आणि त्यांच्या धड गणवेशासाठी तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांनी वर्गणी काढली, हे वर्तमानपत्रात वाचलं होतं. उद्घाटनाच्याच दिवशी, १२ तारखेला, ऑलिंपिकच्या व्हिसलरमधल्या ल्यूजमार्गावर सरावात जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली हा तरुण मरण पावला. अपघाताची फीत इतक्यांदा दाखवली की मी टीव्ही बंद केला. त्यानंतर पुरुषांची सुरुवात खाली, बायकांच्या जागेवरून करायची ठरली. अशा मार्गावरून दुसऱ्या दिवशी आपला माणूस उतरणार. सोलापूरहून आईचा फोन: "दिसला का गं तो?" नाही दिसला. दोन दिवस, चार फेऱ्या. जर्मनीचा फेलिक्स लोख दिसला, तो पहिला आला. केशवन एकोणतिसावा आला हे मी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतच्या आकड्यांत वाचलं. तो मार्ग बघितल्यावर माझ्यासाठी बातमी एवढीच होती की तो चारही वेळा धडधाकट खाली आला. ती हलणाऱ्या चित्रांत बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं.

इंटरनेटचं विचाराल तर तेव्हा अमेरिकेत थेट फक्त आइस हॉकी आणि कर्लिंग मिळायचं, तेही केबलचं खातं दाखवून. कर्लिंग! मोठ्या दगडाला बर्फावरून ढकलायचं आणि पुढे दोघांनी ब्रशने बर्फ घासत पळायचं. शेअर बाजाराच्या एका वाहिनीवर बाजार बंद झाला की तेच लागायचं, आमच्या दुपारी दोनला, थेट. तासन्‌तास. कुणाला त्याची काही किंमत नव्हती म्हणूनच ते अख्खं मिळत होतं. मी त्याची भक्त झाले. आजी नाक मुरडायच्या.

हॉकीचीही तीच गंमत. २१ तारखेला अमेरिकेने कॅनडाला ५-३ असं हरवलं तो सामना मुख्य वाहिनीने न दाखवता आपल्या बातम्यांच्या वाहिनीवर ढकलला, कारण मुख्य वाहिनीवर आइस डान्स होता. देशभर आरडाओरडा झाला. आमच्या किनाऱ्यावर मात्र हे वरदान ठरलं: बातम्यांची वाहिनी सगळीकडे एकाच वेळी दिसते, म्हणून सामना आम्हाला थेट मिळाला. मुख्य वाहिनीवर असता तर तोही आठला आला असता.

शेवटचा रविवार, २८ फेब्रुवारी. पुरुषांची पन्नास किलोमीटरची शर्यत, सगळे एकदम सुटणारे. आजींनी ठरवलं होतं की ही रात्री बघायची नाही. सीमा ओलांडून जाणं मला शक्य नव्हतं. भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो आणि आमचे कागद तेव्हा मुदतवाढीत अडकलेले. पण अलीकडे, अगदी सीमेला टेकून ब्लेन नावाचं गाव आहे. तिथे आजींची बहीण राहायची आणि तिच्या छपरावर जुना अँटेना होता. टीव्हीच्या लहरींना व्हिसा लागत नाही, असं म्हणत आजी पहाटे गाडी काढून तयार. मुलगी मागे झोपलेली. नवरा घरी.

चित्रात मुंग्या होत्या, पण शर्यत अख्खी होती. दोन तासांहून थोडी जास्त. पहिला तासभर काहीच होत नाही: सगळी माणसं रांगेने कॅलाघन खोऱ्यातल्या झाडांमधून जात राहतात. नॉर्वेचा पेटर नॉर्थुग कुठेतरी मधे दडलेला. आजींना त्याचा हा स्वभाव मुळीच पसंत नव्हता. दुसऱ्यांना वारा खायला लावतो आणि शेवटी पुढे येतो, म्हणे. कॅनडाच्या समालोचकांची वेगळी तऱ्हा. त्यांचा डेव्हॉन कर्शॉ पुढच्या घोळक्यात होता, त्यामुळे त्यांना बाकी जग दिसेना. म्हणजे आपल्या माणसाचं वेड सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखंच. फरक एवढाच की त्यांनी शर्यत कापली नव्हती, म्हणून आजी आवाज बारीक करून आपलं आपण बघू शकत होत्या. पन्नास किलोमीटरनंतर नॉर्थुग ०.३ सेकंदाने जिंकला, जर्मनीच्या टाइखमानच्या पुढे. कर्शॉ पाचवा, पहिल्याच्या १.६ सेकंद मागे. आजी खुर्चीतून उठून नॉर्वेजियनमध्ये त्याला काहीतरी बोलत होत्या. बहुधा शिव्या, आणि आनंदाच्या.

मग त्याच पडद्यावर हॉकीचा अंतिम सामना, जादा वेळेत कॅनडाच्या सिडनी क्रॉस्बीचा गोल, ३-२. घरी नवऱ्यानेही तो थेट बघितला, मुख्य वाहिनीवर. म्हणजे दुपारी सव्वाबाराला, चारही कालपट्ट्यांत एकदम दाखवणं जमत होतं.

अमेरिकेत सगळीकडे एकाच वेळी रात्रीचा कार्यक्रम दाखवायला सुरुवात झाली ती थेट २०१८ला, कोरियातल्या प्याँगचांगपासून. त्यासाठी फिगर स्केटिंगच्या मुलांना तिथे सकाळी दहाला बर्फावर उतरावं लागलं; त्यांची सकाळ म्हणजे न्यूयॉर्कची रात्र. आणि माझी गंमत अशी की २०१५मध्ये एच-४वाल्यांपैकी काहींना कामाची परवानगी मिळाली, त्यात मीही. आता पाच वाजता ऑलिंपिक थेट लागायचं तेव्हा मी ५२० महामार्गाच्या पुलावर गाड्यांच्या रांगेत.

पण क्रॉस-कंट्री तेव्हाही त्या वेळात नव्हतीच. बायकांच्या सांघिक स्प्रिंटची अंतिम फेरी २१ फेब्रुवारीला कोरियातल्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या मध्यरात्रीनंतर. मी जागी राहिले. दोघींनी आळीपाळीने तीन-तीन फेऱ्या करायच्या. अमेरिकेची किकन रँडल, पस्तिशीची, एका मुलाची आई, पाचवं ऑलिंपिक. आणि जेसी डिगिन्स. शेवटच्या वळणानंतर डिगिन्सने स्वीडनच्या स्टिना निल्सनला गाठलं आणि ०.१९ सेकंदाने मागे टाकलं. क्रॉस-कंट्रीतलं अमेरिकेचं पहिलं सुवर्ण. समालोचकाचा आवाज फाटला. मी तोंडावर उशी धरून ओरडले.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या कार्यक्रमात ते अर्थातच आलं. शेवटचं वळण, शेवटची सरळ वाट, डिगिन्सचं कोसळणं, तिच्या अंगावर झेपावणारी रँडल. रँडलने स्वीडनला आणि नॉर्वेला तीन वेळा धरून ठेवलं होतं, म्हणून ती शेवटची वाट उरली होती. त्या तीन फेऱ्या त्यात नव्हत्या.